निळ्या चिंधीचा दुधी

"हसन मुकादम मनाने मोडला होता. नोकरी जाणार म्हणताच त्याने रागाच्या भरात हिरवागार वाफा पाण्यावाचून मारला, आणि जागेवर येणाऱ्या सौदी माणसाला तिथून हाकलून दिले." पुण्यातल्या शोकसभेत आमचे जुने सहकारी पटवर्धन असे बोलले आणि समोरच्या माना हलल्या. मी उठलो, तेव्हा शेजारचे कोणीसे पुटपुटले, "कुलकर्णी, आजचा दिवस जाऊ द्या." त्या दिवशी मी बसलो. आज बसणार नाही.

हसन गेल्याचे मला त्याच्या मुलीने दापोलीहून कळवले. "काका, अब्बा गेले... सकाळी परसात होते." परसात होते, याचे मला नवल वाटले नाही. सौदी अरेबियातल्या रास तनुराजवळच्या कॉलनीत आम्ही वर्षानुवर्षे शेजारी होतो. एकाच कंत्राटदार कंपनीत तो पंपांचा इंजिनिअर, मी उपकरणांचा. कॉलनीच्या भिंतीलगत हौशी लोकांना भाजीसाठी एकेक वाफा मिळे. हसनच्या वाफ्यात भेंडी, मेथी आणि एक दुधी. दुधीचे बी त्याच्या आईने दिलेले. आई गेल्यावर ते गावीही उरले नव्हते. त्यांच्या घरची रीत अशी, की वेलीचा पहिला सुरेख दुधी खायचा नाही. देठाला चिंधी बांधून तो बियाला राखायचा, म्हणजे चुकूनही कोणी तोडत नाही. आई जुन्या ओढणीची चिंधी बांधी. हसन आपल्या कामावरच्या जुन्या निळ्या कव्हरॉलची बांधत असे.

त्या वर्षी हिवाळ्यातल्या चार सरीही आल्या नाहीत. वसंतातच लू सुटली, वाफ्यांचे पाणी एक दिवसाआड झाले आणि पुढे तेही नावापुरते उरले. त्याच दिवसांत सौदीकरणाची, म्हणजे परदेशी माणूस काढून त्याच्या जागी सौदी नेमण्याची, बोलावणी सुरू होती. ऑफिसातून कोणी परतले, की त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे धाडस होत नसे. अशा वातावरणात हसनने सगळे पाणी एकट्या दुधीला देणे सुरू केले, आणि आमचे भांडण जुंपले.

"अरे, मेथी तरी जगव!"

"कुलकर्ण्या, प्लँटमध्ये वाफ कमी पडली तर सगळी युनिटं अर्धपोटी चालवतोस काय रे?"

"ही मेथी आहे, युनिट नव्हे."

"माती खारट आहे. घोटघोट पाजलंस तर मीठ वर येईल, सगळंच मरेल. एकालाच पोटभर देऊ."

मेथी वाचवता आली असती, असे माझे तेव्हाही मत होते व आजही आहे. परंतु त्या निर्णयात राग कुठे होता? मेथी पिवळी पडली तेव्हा त्याला बोलावणे आलेलेच नव्हते. घरून बधनाभर, म्हणजे तोटीचा लोटाभर, पाणी आणून तो वेलीच्या आळ्याशी बसून वजू करी, नमाजाआधीचे हातपाय तिथेच धुई, म्हणजे तेवढे पाणीही मुळाला मिळे. पुढे पटवर्धनांनीच टोमणा मारला होता, "हसनभाई, दिवसातून किती वजू?" त्यावर हसन म्हणाला, "तू निदान एकदा हात धू रे, पटवर्धन." हे त्यांना सोयीस्करपणे आठवत नाही. मेथी गेली तेव्हा पटवर्धन सुटीवर होते. परतले, तोवर वाफाही वाळला होता आणि हसनला नोटीसही मिळाली होती. दोहोंची गाठ त्यांनी स्वतःच मारली.

राहिला फहद. चाळिशीतला, शांत माणूस. हसन त्याला आपलेच काम शिकवत होता. एका संध्याकाळी तो आमच्याबरोबर वाफ्यावर आला. वाळल्या वाफ्यात देठाला निळी चिंधी बांधलेला एकच दुधी लटकत होता. विसरून राहिला असेल, अशा समजुतीने त्याने तोडायला हात घातला...

"ला! ला! नको, हात काढ!"

हसनचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. फहदचा चेहरा काळवंडला. शेजारच्या वाफ्यातल्या पटवर्धनांनी एवढेच ऐकले आणि ते कॉलनीत सांगायला निघाले. मी हसनचा दंड धरला. "माफी माग. त्याने तक्रार केली तर देश सोडायचे एक्झिटचे कागद अडतील."

हसनने दंड सोडवून घेतला. वेलीपाशी बसला, शेजारची माती थोपटली. फहद बराच वेळ उभाच होता. मग आपला पायघोळ थोब सावरून बसला. "तू जा," हसन मला म्हणाला. मी गेलो. पुढे त्यांचे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते मी सांगत नाही. पटवर्धनांत आणि माझ्यात हाच फरक आहे.

हसनचे विमान सुटले तेव्हा दुधी हिरवाच होता. तोडला असता तर बी कच्चे निघाले असते. आईचे शेवटचे बी वेलीवर ठेवून तो रिकाम्या हाताने गेला, आणि त्याविषयी मला कधी एक अक्षर बोलला नाही.

मी मित्र, माझी साक्ष पटवर्धन धरणार नाहीत. न धरोत. शोकसभेनंतर फहदचा सांत्वनाचा निरोप आला, सोबत त्याच्या अंगणाचा ताजा फोटो. मांडवावर दुधी लटकले आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या देठाला निळ्या कव्हरॉलची चिंधी बांधलेली आहे.