नागपूरहून उघडते का?

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या आमच्या घरात समोरच्या खोलीतल्या टेबलाखाली एक कॉम्प्युटर होता. तो कधीच बंद करायचा नाही, असा नवऱ्याचा हुकूम होता. त्याला स्क्रीन नव्हती, कीबोर्ड नव्हता, नुसता डबा. दिवसरात्र घुरघुरायचा आणि मागून गरम वारा सोडायचा. झाडताना झाडू लागू द्यायचा नाही, फडकं मारायचं नाही, बटणाला तर हातच लावायचा नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. देवरीसारख्या लहान गावातून आलेली मी, नवऱ्याच्या वस्तूंना जपून वागत होते.

नवरा गोंदियात एका खासगी कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा. रविवारी मात्र त्याला घर दिसायचं नाही. कॅमेरा गळ्यात टाकून मोटरसायकलवर तलाव, बोड्या म्हणजे शेतातली लहान तळी, आणि धानाचे बांध पालथे घालायचा. सारसाची जोडी दिसली की दिवसभर उपाशी राहिला तरी चालायचं. घरी फोटोंचा ढीग झाला होता. इंटरनेटवर फुकट मिळणारी जागा त्याला पुरत नव्हती, म्हणून त्यानं ठरवलं की वेबसाइट आपल्याच घरात ठेवायची. टेबलाखालचा डबा म्हणजे ती वेबसाइट. तो त्याला सर्व्हर म्हणायचा.

एक दिवस त्यानं मला आतल्या खोलीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि काहीतरी टाइप केलं. चिखलात उभी असलेली सारसाची जोडी हळूहळू वरून खाली उमटत आली. लाल माना, लांब पाय.

"दिसली!" मी म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता.

"घरातून तर दिसणारच," तो म्हणाला. "घरातून दिसली त्याले काही अर्थ नाही. बाहेरून कोणीतरी पाहिलं पायजे."

आणि त्यानं नागपूरला फोन लावला.

नागपूरला त्याची पॉलिटेक्निकमधली मैत्रीण होती. सॉफ्टवेअरच्या कंपनीत काम करायची. कॉलेजात असताना दोघं इतर मुलांबरोबर पक्षी पाहायला जायचे, एवढं त्यानं मला सांगितलं होतं. बाकीचं सासूबाईंकडून कळलं. तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "ते पोट्टी आली होती एकदा घरी. उंच आहे. दोन घास जास्तच जेवली. मंग पुढं काही जमलं नाही."

काय जमलं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. खडे वेचत राहिल्या. मीही विचारलं नाही, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून हललं नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी चहा झाला की फोन सुरू. "आता पाहा. नाही? थांब... आता? काय लिहून येऊन राहिलं?" मोडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आणणारा दिव्यांचा लहान डबा. बाहेरून आलेल्या माणसाला तो दारातूनच परत पाठवत होता. त्याला सांगायचं होतं, की साइट विचारत कोणी आलं तर टेबलाखालच्या कॉम्प्युटरकडे धाड. हे मला कोणी शिकवलं नाही. पोळ्या लाटताना कान तिकडेच असायचे, म्हणून समजलं. माझ्याशी त्याचं बोलणं भाजी, गॅस आणि आईचं औषध एवढंच. तिच्याशी बोलताना मात्र अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि मधूनमधून हसणं. तसं हसणं मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पोळी करपली की सासूबाई म्हणायच्या, "लक्ष कुठं आहे वं तुयं?"

एका संध्याकाळी तो खुर्चीतून उडालाच. "उघडली! नागपूरले उघडली!"

"काय उघडलं?" सासूबाई घाबरून बाहेर आल्या.

"सारस दिसले, आई!"

मी ते सारस तिच्या कितीतरी आधी पाहिले होते. पण मी पाहिलं ते मोजण्यात नव्हतं, कारण मी घरातली होते. साइटच्या शेवटी त्यानं आभाराची ओळ टाकली. तिचं पूर्ण नाव, आडनावासकट.

पण ते सुख टिकलं नाही. साइट मधेच बंद पडू लागली. दुपारी नागपूरहून पाहावं तर उघडत नाही. नवरा संध्याकाळी येऊन सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, की लगेच उघडायची. म्हणजे दोष सर्व्हरचाच, हे त्याच्या मनानं घेतलं. त्यानं डबा उघडून धूळ फुंकली, आतले तुकडे बदलून पाहिले. मग उन्हाळ्याची गर्मी सोसत नसेल म्हणून माझ्या शिलाई मशीनजवळचा टेबलफॅन उचलून त्या डब्यापुढे लावला. मी घामानं भिजत ब्लाउज शिवत बसले आणि वारा खात होता तो डबा.

ब्लाउज शिवणं हे माझं काम होतं. आजूबाजूच्या बाया कापड टाकून जायच्या. मशीनला मी मोटर बसवून घेतली होती. लोडशेडिंगचे दिवस होते. लाईन गेली की मोटर थांबायची. सर्व्हर मात्र इन्व्हर्टरवर होता, त्याला लाईन गेल्याचा पत्ताही लागायचा नाही. नवरा हे अभिमानानं सगळ्यांना सांगायचा.

मग ती घरच्या फोनवर फोन करू लागली. भर दुपारी.

"वहिनी, मी नागपूरहून बोलते. साइट बंद दिसतेय. त्याला सांगता का? त्याचा मोबाइल लागत नाही."

स्वच्छ, गोड आवाज. "सांगते," म्हणून मी फोन ठेवला. काही दिवसांनी पुन्हा तेच. माझ्या घरातली वस्तू चालू आहे की बंद, हे नागपुरात बसलेल्या बाईला माझ्याआधी कळतं, हे मला सोसेना. हिला हापिसात काम नाही काय? दिवसभर माझ्या घरावर डोळे लावून बसते काय? वहिनी म्हणते तेही मला आवडत नव्हतं, आणि नुसतं नावानं हाक मारली असती तर तेही आवडलं नसतं.

एक दिवस नुकतीच लाईन आली होती. अर्धी राहिलेली बाही पुन्हा सुईखाली घेतली आणि फोन वाजला.

"वहिनी, साइट..."

"तुमचा फोन बरोबर लाईन आली की येते," मी टोमणा मारला. "इतका वेळ मी हात बांधून बसली होती. आता तरी काम करू द्या मले."

मला वाटलं, लागलं असेल. बरं झालं.

"दरवेळी?" तिनं विचारलं. "दरवेळी लाईन आल्यावरच माझा फोन येतो?"

मी आठवून पाहिलं. मागच्या खेपेला लाईन आली म्हणून मी मशीनमध्ये दोरा ओवत होते. त्याच्या आधी मशीन बंद म्हणून हातानं काज करत होते, आणि लाईन येऊन ते खाली ठेवते तोच फोन वाजला होता. "हाव," मी म्हटलं. "दरवेळी."

"पण सर्व्हर तर इन्व्हर्टरवर आहे ना?"

मी मान वळवून पाहिलं. सर्व्हर इन्व्हर्टरवर होता. मोडेम नव्हता. त्याचा प्लग माझ्या मशीनच्या बोर्डात होता, मोटरच्या प्लगला लागून. लाईन गेली की माझी मोटर थांबायची आणि त्याच वेळी मोडेमचे दिवे विझायचे. हे मी रोज पाहत होते. विझलेला दिवा माझ्या कामाचा नव्हता, म्हणून कधी बोलले नाही.

मी तिला ते सांगितलं. ती घाईघाईनं म्हणाली, "वहिनी, एक कराल? सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा."

त्या बटणाला हात लावायची मला मनाई होती. मी खाली वाकले आणि बटण दाबून धरलं. घरात इतकी शांतता झाली की सासूबाई आतून म्हणाल्या, "लाईन गेली काय?" मी पुन्हा दाबलं. घुरघुर सुरू झाली. थोड्या वेळानं फोनमध्ये आवाज आला, "आली! उघडली."

"आता थांबा," मी म्हटलं. हे तिनं सांगितलं नव्हतं. मी मोडेमचा प्लग उपसला, थोडं थांबून परत लावला. दिवे एकेक करून लागले. "आता पाहा."

"गेली!" ती ओरडली. "वहिनी, गेली!"

आम्ही पुन्हा तसंच केलं. सर्व्हर सुरू केला, आली. मोडेमचा प्लग काढून लावला, गेली. ती हसत सुटली आणि माझ्याही तोंडून हसू निघालं. ते निघाल्याचं मला मुळीच आवडलं नाही.

मग तिनं मला नीट समजावलं. मोडेम बंद होऊन चालू झाला की टेलिफोन कंपनी घराला इंटरनेटवरचा नवीन नंबर देते. साइटच्या नावामागे मात्र जुनाच नंबर राहतो, आणि लोक त्या जुन्या दारावर थापा मारत बसतात. नवा नंबर कळवायचं काम सर्व्हरचं. पण तो फक्त स्वतः सुरू होताना कळवत होता, आणि इन्व्हर्टरच्या कृपेनं तो बंदच होत नव्हता. साइट दिसेनाशी झाली की ती आपोआप येईल म्हणून तास-दोन तास थांबायची आणि मगच फोन करायची, तोवर आमच्याकडे लाईन आलेली असायची. इतकं सोपं करून तिनं सांगितलं, की नवऱ्यानं मला असं कधी काऊन सांगितलं नाही, याचा मला राग आला.

संध्याकाळपर्यंत मी कामात लक्ष घालू शकले नाही. त्याला कसं सांगायचं, ते मनात घोळवत होते. गाडीचा आवाज आला तशी मी दारात गेले. तोच चप्पल काढायच्या आधी म्हणाला, "सापडलं! मोडेमची भानगड होती. तिनं शोधून काढलं, दुपारी फोन आला होता."

मी दारातून बाजूला झाले.

"तुले सांगतो, डोकं आहे तिले. आणि वर म्हणते कशी, वहिनींनी शोधलं." तो हसला. "मस्करी करायची सवयच आहे तिची."

म्हणजे तिनं खरं सांगितलं होतं. तिनं काहीच लपवलं नव्हतं, विश्वास ठेवला नव्हता तो यानं. तिच्यावर चिडायला मला जागाच राहिली नाही, आणि त्यामुळे मी जास्तच चिडले.

"गाडी वळवा," मी म्हटलं.

"कायले?"

"चौकातल्या सायबर कॅफेत जा. तिथून साइट उघडा आणि मले फोन करा."

त्यानं आईकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "जाय ना, म्हणते तर."

तो गेला तसा मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. थोड्या वेळानं फोन वाजला. मागे कॅफेवाला कोणाला तरी सांगत होता, "भैया, टाइम हो गया आपका."

"हाव, उघडून राहिली," नवरा म्हणाला.

मी प्लग काढला आणि लावला. "आता?"

पलीकडे माऊस टिकटिकला. मग हळूच, "गेली."

"या आता घरी. येताना दही आणा."

तो दही घेऊन आला, स्टुलावर बसला, आणि पहिलं काय विचारलं? "तू सर्व्हरचं बटण दाबलं काय?"

"दाबलं."

सासूबाईंनीच त्याला झापलं. "बटणाचं घेऊन बसला! तिनं तुले सापडवून देल्लं ना?"

त्यानं मोडेम इन्व्हर्टरच्या बोर्डावर नेला आणि सर्व्हर थोड्या थोड्या वेळानं नंबर कळवत राहील, अशी सोय केली. साइट बंद पडणं थांबलं. टेबलफॅनही मला परत मिळाला. आभाराच्या ओळीत त्यानं भर टाकली: तिचं पूर्ण नाव, आणि पुढे ‘तसेच माझ्या पत्नीचे’. मी वाचून म्हटलं, "पत्नीले नाव नाही काय?" तो म्हणाला, "सगळ्यायले माहीत आहे ना माझी पत्नी कोण ते." मी पुन्हा तो विषय काढला नाही, पण ती ओळ मला दिसायची आणि टोचायची.

थंडीत ती गोंदियाजवळ फुलचूरला नातेवाइकांकडे आली आणि आमच्याकडे जेवायला. खरंच उंच होती. मी मुद्दाम सगळं जास्तीचं केलं होतं. जेवून ती हात धुवायला स्वयंपाकघरात आली तेव्हा मी सरळ विचारलं, "तुमची आणि यांची लग्नाची गोष्ट चालली होती काय?"

तिनं नळ बंद केला. "हो," म्हणाली. "माझ्या घरी जातीवरून नाही म्हणाले. तोही फार बोलला नाही, मीही फार भांडले नाही. तेवढंच होतं, वहिनी."

तिच्या जागी मी असते तर खोटं बोलले असते. मी तिला टॉवेल दिला. मोकळं वाटलं, असं म्हणता येणार नाही. आतापर्यंत अंदाज होता, आता माहीत झालं. बाहेर नवरा गाडी पुसत होता. आम्हा दोघींना तलावावर न्यायला त्यानं मित्राची गाडी मागून आणली होती. मी पुढच्या सीटवर बसले. सासूबाईंनी सांगायच्या आधीच बसले. ते दोघं सारसाबद्दल बोलत राहिले, मी समोरचा रस्ता पाहत राहिले.

पुढे ती बेंगळुरूला गेली, तिचं लग्न झालं. साइट काही वर्षं चालली. मग एका उन्हाळ्यात सर्व्हरची डिस्क गेली. फोटोंची दुसरी प्रत होती म्हणून वाचले, आणि नवऱ्यानं ते सगळं बाहेरच्या कोणाच्या तरी जागेवर हलवलं. आमच्याकडची लाईन गेली तरी त्यांचं काही बिघडत नाही. त्यामुळे कोणाला फोन करून ‘उघडते का’ विचारायचं कारणच उरलं नाही. फोन बंद झाले, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

दिवाळीला तिचा मेसेज त्याच्या मोबाइलवर येतो. तो मला मोठ्यानं वाचून दाखवतो, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. त्याचं वाचून झालं की मी मोबाइल मागून घेते आणि स्वतः एकदा वाचते.