मश्रू कानून

मश्रू हा शब्द कुवेतमधल्या आम्हा मराठी बायकांना पहिल्याच महिन्यात कळायचा. नवऱ्याच्या ऑफिसात फोन केला की पलीकडचा माणूस सांगायचा, साहेब मश्रूवर गेलेत. म्हणजे साइटवर. मश्रू म्हणजे क्रेन, सिमेंट, उन्हात चढत जाणारे मजले. दुसराही काही अर्थ असेल असं आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आणि यायचं तरी कसं? आमचं अरबी भाजीवाल्याकडे आणि टॅक्सीत शिकलेलं.

चारुशीला माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. बनेद अल-गारला आमच्या हॉस्पिटलचे क्वार्टर्स होते. मी तिथल्या लॅबमध्ये, ती डायलिसिसची सिस्टर. मूळची चिपळूणची, कमी बोलणारी, पण एकदा ठरवलं की ठरवलं. तिचे यजमान प्रभाकरराव एका ठेकेदाराकडे ड्राफ्ट्समन होते. पुढे त्यांच्याच किडन्या गेल्या. आता बघा थट्टा, बायको दिवसभर दुसऱ्यांना मशीनवर घ्यायची आणि नवऱ्यासाठी मात्र मोठ्या डॉक्टरांपुढे हात जोडून उभी राहायची. कारण परदेशी स्टाफच्या घरच्यांना मशीनचा हक्क नव्हता. होती ती मेहरबानी. सगळे पेशंट उरकले, मशीन मोकळं राहिलं आणि साहेबांचा मूड बरा असला, तर प्रभाकररावांचा नंबर. दर खेपेला तेच हसू तोंडावर आणायचं, तेच ‘शुक्रन डॉक्टर’ म्हणत आभार मानायचे. मला तर बघूनच तिडीक जायची.

म्हणून प्रभाकररावांच्या धाकट्या भावाने, सलीलने, मुंबईत खटपट केली होती. तिथल्या एका हॉस्पिटलात त्यांच्यासाठी मशीनची जागा मिळाली. नव्वदच्या जुलैअखेरचं तिकीट निघालं. ते एकटे जाणार, चारुशीला नोकरीसाठी इथेच राहणार, असं ठरलं.

आणि त्याच महिन्यात अशरफ पेपर घेऊन वॉर्डात आला. अशरफ म्हणजे आमच्या ऑफिसातला इजिप्शियन कारकून, मनाने चांगला, तोंडाने फटकळ. इथल्या कौन्सिलातल्या कुणा मेंबरने म्हणे सुचवलं होतं की परदेशी नर्सेसना आणि टेक्निशियनना कुटुंबासकट क्वार्टर द्यावं, आणि नवऱ्याला, मुलांना उपचाराचा हक्क द्यावा, मशीनसकट. अशरफने अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या अरबीत हे सांगितलं आणि शेवटी बोट नाचवत म्हणाला, ‘मश्रू कानून, सिस्टर!’

कानून! हा शब्द कुणाला शिकवावा लागतो का? आणि मश्रू तर आम्हाला येतच होतं. आम्ही आमच्याआमच्यात अर्थ लावून मोकळ्या झालो, कायदा झालाय आणि त्याखाली नवे क्वार्टर्स बांधायला घेतलेत. सालमियाच्या मैत्रिणींना फोन गेले. मी तूप सढळ घालून शिरा केला आणि सगळ्या मजल्यांवर वाटला. चारुशीलेने त्या संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांना हसून शुक्रन म्हटलं नाही. सरळ नवऱ्याला आत नेऊन मशीनवर घेतलं. साहेबांनीही का कोण जाणे, अडवलं नाही.

प्रभाकररावांना तेवढं ते पटलं नव्हतं. शिऱ्याची बशी मांडीवर ठेवून म्हणाले, ‘अगं, मी काढलेले किती मश्रू कागदावरच मेले, माहीत आहे का? इमारत उभी राहिलेली बघून ये, मग तिकीट रद्द कर.’

ती चिडली. तुम्हाला नाहीतरी माझ्यापासून लांबच जायचंय, असं काहीतरी बोलली. तिचं तरी काय चुकलं? इतकी वर्षं मागून घेतलेलं आता हक्काने मिळणार होतं आणि माणूसही डोळ्यांसमोर राहणार होता. तिकीट रद्द झालं. मुंबईची जागा सलीलने दुसऱ्या कुणाला तरी सोडून दिली.

दोन ऑगस्टला इराकी रणगाडे शिरले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्या वॉर्डात काय झालं ते सांगते. सैनिक आले आणि डायलिसिसची मशीनं भिंतीपासून सोडवून ट्रकमध्ये चढवायला लागले. चारुशीला आडवी गेली तर तिला बंदुकीच्या दस्त्याने बाजूला सारलं. कोपऱ्यातली जुनी, कुरकुरणारी तेवढी दोन-तीन राहिली. पेशंट मात्र होते तितकेच.

आमचे लोक बसने बगदादमार्गे अम्मानला निघाले होते. तिथल्या तंबूंत किती दिवस काढावे लागतील याचा पत्ता नाही. मशीनवाचून त्या प्रवासात प्रभाकरराव पोचलेच नसते. मग ते राहिले, ती राहिली, आणि नाशिकला घरी जाते जाते म्हणत मीही राहिले.

मोठ्या डॉक्टरांनी नंबर लावले. आधी इथले नागरिक. मग ज्यांचा हक्क नियमाने लागतो ते. मग उरलेच तर बाकीचे. चारुशीला त्यांच्या खोलीत गेली, मी तिच्याबरोबर. ती ताठ उभी राहून म्हणाली, माझे यजमान दुसऱ्या नंबरात येतात, कानून झालाय. साहेबांना आधी कळेचना. मग कळलं आणि त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं रागावतील. ते हळू आवाजात म्हणाले, ‘सिस्टर, मश्रू कानून म्हणजे नुसता मसुदा. मांडलेला. त्याचा कायदा कधी झालाच नाही.’

ती बाहेर आली, हात धुतले आणि पुढच्या पेशंटची नस शोधायला बसली.

एका मुक्या माणसाने माणुसकी दाखवली, ती सांगितली पाहिजे. हुसेन म्हणून एक म्हातारा कुवेती होता, पूर्वीचा कोळी, घशाच्या ऑपरेशनमुळे वाचा गेलेली. स्वतःची वेळ अर्धी झाली की तो खुणेने नळ्या काढायला सांगायचा आणि दाराशी बसलेल्या प्रभाकररावांकडे बोट दाखवायचा. त्या उधारीच्या वेळेवर ते सप्टेंबरभर तरले. पुढे हुसेनच्याच पायांवर सूज चढली. तेव्हा प्रभाकररावांनी खुर्ची सोडली, म्हाताऱ्याचा खांदा दाबला आणि घरी निघून आले. पुन्हा वॉर्डात गेले नाहीत.

शेवटचे दिवस फार वाईट होते. दम लागायचा, झोपता यायचं नाही, उशीला टेकून बसायचे. चारुशीला ड्यूटी करायची. जाऊ नकोस म्हटलं तर म्हणाली, मी नाही गेले तर तिथले पाचजण आजच मरतील, इथला एक जायचाच आहे. असं बोलणाऱ्या बाईला काय सांगणार? ऑक्टोबरात एका दुपारी ते गेले, तेव्हा ती वॉर्डात कुणालातरी मशीनवर घेत होती. निरोप सांगायला मी गेले. तिने आधी नळ्यांचे क्लॅम्प नीट बसवले, मग एप्रन काढला.

फेब्रुवारीत कुवेत इराक्यांच्या तावडीतून सुटला. तेलविहिरींच्या धुराने आकाश काळं असताना लोक नाचले. मी नाही नाचले. उन्हाळ्यात नवी मशीनं आली, चकचकीत, स्क्रीनवाली. ती चालवायला नव्या मुलींना चारुशीलेनेच शिकवलं. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, टाळ्या वाजल्या.

मग एकदा अशरफने तिला ऑफिसात बोलावलं. मीही गेले. हॉस्पिटलने आपल्यापुरता नवा नियम केला होता. परदेशी स्टाफच्या कुटुंबाला क्वार्टर आणि उपचार, मशीनसकट. तेच सगळं, जसंच्या तसं! या खेपेला मश्रू नव्हे हं, असं अशरफने स्वतःच सांगितलं, लागू झालंय. चारुशीलेने विचारलं, मग मला कशाला बोलावलंस?

तो नजर चुकवत बोलला. क्वार्टर्स कमी पडताहेत, आता ते फक्त फॅमिलीला. एकट्या माणसाला इथे बॅचलर म्हणतात, मग ती पन्नाशीची विधवा का असेना. बॅचलरांची सोय जलीबच्या मजूरवस्तीत, एका खोलीत चौघी. ‘सिस्टर, कागदोपत्री तुम्ही बॅचलर,’ तो म्हणाला.

मला त्याच्या टेबलावरचं सगळं फेकून द्यावंसं वाटलं. चारुशीला पुढे झाली. तिने पर्समधून किल्ली काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

‘बॅचलर मी झाले नाही, अशरफ,’ ती म्हणाली. ‘तुमच्या मश्रूने केलं.’

अशरफने किल्ली उचलून खणात टाकली आणि सामान कधी हलवणार, ते विचारलं.