थंडी नळी

वाशीमला माझ्या औषधाच्या दुकानाशेजारी एक्स-रे काढणारे एक गृहस्थ आहेत. रोज सकाळी रोग्यांना बाकावर बसवून ते यंत्र रिकामंच चालवतात, आधी हळू, मग जोरात. कोणी कण्हलं, की दारातून म्हणतात, "गुमान बसा ना बाप्पा! नळी थंडी हाय."

एक्स-रे ज्या काचेच्या नळीतून निघतात, तिच्यात हवा नसते. तापल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन प्रचंड व्होल्टेजने ओढले जातात. थंड नळीवर एकदम जोर दिला तर आतच ठिणगी पडून ती मरते, असं ते सांगतात. मला तो निव्वळ रुबाब वाटे.

परवा सकाळी ते स्कूटरवरून पडून, सुजलेलं मनगट सांभाळत आले. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर धावत आले; त्यांनी घाईघाईने गृहस्थांचा हात नळीखाली ठेवला आणि ते बटणाकडे वळले. गृहस्थांनी हात ओढून घेतला.

"थांबा साहेब! आधी रिकामं चालवा."

"अहो, हात मोडलाय तुमचा!"

"माहा हात जुळते. नळी नाही जुळत."

डॉक्टरांनी यंत्र रिकामं सुरू केलं, तेव्हा गृहस्थ बाकावर येऊन बसले आणि मोठ्याने कण्हू लागले. गुडघ्यासाठी वरचेवर येणारी मानोरा गावची एक म्हातारी शेजारीच होती. तिने समाधानाने पाय पसरले.

"गुमान बस ना बाप्पा! नळी थंडी हाय."