सोनीचा साग आणि साहेबाचा पट्टा

माझ्या धाकट्या बहिणीच्या घराचं आढं तडकलंय, परसात तिचा स्वतःचा साग उभा आहे, आणि तो तोडायचा नाही म्हणे. हे आधी वाचा, मग राम राम घ्या.

नात वैशूला केळव्याचा समुद्र बघायचा होता, मला बहीण सोनी. ठरलं, आधी डोंगर, मग दर्या. बोईसरहून पाड्याकडं जाणारी इको गाडी माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही. भाडं बसायच्या आधी विचारा. हायवेपर्यंत रस्ता बरा. पुढं रस्ता आहे असं समजून चालायचं.

सोनीच्या आढ्याला दोन टेकू. त्यांच्यामध्ये बसून नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी खाल्ली. घास झकास, नजर वर.

आमच्याकडं झाड तोडायच्या आदल्या दिवशी त्याला गेरू-चुन्याचा पट्टा ओढतात, नारळ ठेवून माफी मागतात. मग जमिनीलगत तोडतात, म्हणजे बुंध्याला फुटवा येतो. सोनीचा साग असाच आलेला. तडकलेलं आढं ज्या झाडाचं, त्याच्याच बुंध्याचा फुटवा. संध्याकाळी तिनं पट्टा ओढला. सकाळी परवानगीसाठी झाड बघायला जंगलखात्याचा साहेब आला. समोरच्या टेकडीवर त्याच्याच लोकांची तोडणी चाललेली. तिथं राखायच्या झाडांना पट्टा मारतात.

"हे राखायचं झाड आहे," साहेब म्हणाला.

"सायेब, पट्टा मीच मारलाय. तोडायसाठी," सोनी म्हणाली.

"तुला पट्टा मारायचा अधिकार कुणी दिला?"

"मग पुसते."

"पुसलास तर गुन्हा!"

मी म्हटलं, "सायेब, पट्टा राहू द्या, खालचं झाड तेवढं द्या." साहेब गाडीत बसला. ती टेकडी मात्र अशी भादरलेली, की राखलेली झाडं भांडलेल्या जावांसारखी लांब लांब उभी.

मग केळवं. नारळी-पोफळीच्या वाड्या, गार वारा. पापलेटाचा नाद सोडा, बोंबील खा. चहाला एका रिसॉर्टात गेलो. खांब सागाचे, छत सागाचं, आणि सागाच्या फळीवर कोरलेलं: झाडे वाचवा.

"आजी, सगळं परवानगीचं लाकूड आहे," मालक म्हणाला.

"मग परवानगी देणाऱ्याचं घर दाखव. माझी बहीण तिथं राहायला जाईल."

तो हसला, फोटो काढू का म्हणाला.

वैशू कुजबुजली, "आजी, झाडं तोडू नयेत असं शाळेत शिकवतात."

"बाकं कशाची हायत शाळेत?"

घरी आल्यावर वैशूनं या लेखासोबत समुद्राचे फोटो लावले. माझ्या डोळ्यांपुढं ते दोन टेकूच. जंगल राखा, जरूर राखा. नाय राखलं तर सोनीच्या नातवंडांना आढं कुठून मिळणार? पण राखणं म्हणजे काय, हे तिला न विचारता ठरवू नका. पावसाळा तोंडावर आहे, टेकू पावसाला ऐकत नाहीत.

तेव्हा साहेब, सोनीच्या सागाचं उत्तर तुम्हीच द्यायचं. शिपायाला पाठवू नका. पाड्यावर या, सोनीच्या घरात त्याच आढ्याखाली बसा, आणि तिथून बोला.