सैल सोडलेला सांधा

माझी थोरली बहीण ताऱ्यांची वजनं काढायची. कुठल्या तराजूत, असं लोक विचारायचे. मी म्हणायचो, तिलाच विचारा, मी आपला साधा चष्मेवाला! पण माझ्या दुकानात चहा पिता पिता तिने इतक्यांदा समजावलंय, की आता मीही कुणाचंही डोकं खाऊ शकतो.

ती ज्याच्या मागे लागली तो होता एक तपकिरी खुजा तारा. ना धड तारा, ना धड ग्रह. पेट घ्यायला कमी पडलेला, म्हणून जन्मल्यापासून नुसता निवत चाललेला. तो एका खऱ्या ताऱ्याभोवती फिरतो आणि त्याच्या ओढीने तो मोठा ताराही किंचित मागेपुढे हलतो. ते हलणं मोजून खुज्याचं वजन काढायचं. त्याच्या एका फेरीत माणसाची अख्खी नोकरी संपते. ताई थांबली. लग्न राहिलं, घर राहिलं, सगळं राहूनच गेलं.

मध्ये वेधशाळेने यंत्र बदललं. दोन यंत्रं एकाच ताऱ्याचा वेग जरा वेगवेगळा दाखवतात, म्हणून जुन्या आणि नव्या मोजमापांना सांधा द्यावा लागतो. बरेच जण तो सैल सोडतात, गणित बसेल तिथे बसू देतात. ताईला ते पटेना. जुनं यंत्र उतरवण्याआधी तिने भांडून मुदत मागितली, न हलणारे तारे दोन्ही यंत्रांनी मोजले आणि सांधा पक्का केला.

उत्तर आलं, गुरू ग्रहाच्या सत्तरपट. तिथेच माशी शिंकली. त्या खुज्याच्या वातावरणाचा अभ्यास करणारे तिचे सर म्हणाले, "बाई, याच्या हवेत मिथेन आहे, म्हणजे हा पार थंड झालाय. एवढा जड असता तर अजून धगधगत असता. तुमचा सांधा चुकलाय."

"मी तो मोजलाय," ताई म्हणायची. पण शोधनिबंध परत येत राहिले, दुर्बिणीवरचा वेळ कमी होत गेला, नव्या मुली तिच्याकडे कीव केल्यासारखं बघू लागल्या. शेवटी तिने सांधा सैल सोडला. वजन घसरून पन्नासपटीवर आलं आणि सगळ्यांचं समाधान झालं. आपलं जुनं मोजमाप सदोष होतं, असं तिने स्वतःच छापून दिलं. माझं डोकंच फिरलं. "अगं, कुणाच्या धाकाने?" मी ओरडलो. ती म्हणाली, "जाऊ दे रे. मीच चुकले असेन."

ती निवृत्त झाली. पुढे कुठल्याशा मोठ्या दुर्बिणीने त्या खुज्याकडे नीट पाहिलं. तो एकटा नव्हताच. दोन होते, एकमेकांभोवती चिकटून फिरणारे, दोघेही हलके, म्हणून दोघेही थंड. मिळून सत्तरपट! सरांनी स्वतः फोन करून सांगितलं, तेव्हा ताई दुकानातच होती.

मी तर टाळ्याच पिटल्या. "बघ! तुझंच खरं निघालं! आता सगळ्यांची तोंडं बंद!"

ताई स्टुलावर बसली.

"आत दोन असतील का, हे विचारायचं कुणाला सुचणार होतं?" ती म्हणाली. "त्यांच्याकडे नुसता प्रकाश होता. वजन माझ्याकडे होतं. मीच विचारायला हवं होतं रे. मी आकडा कापत बसले."

आणि ती रडायला लागली. आई गेली तेव्हाही ताईच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. मी दुकानाचं दार लोटून घेतलं.