डिस्चार्ज

डिचोलीच्या बसस्थानकावर बाबांनी माझी पेटी बसच्या टपावर चढवून दिली आणि खाली उतरून एवढंच म्हणाले, "पत्र घाल गो." आई आलीच नाही. आमच्या सर्वण गावातल्या घरातून कोणी पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालं होतं, आणि तीही मुलगी. गोवा नुकताच घटकराज्य झाला होता. आमच्याकडे सगळे नव्या उमेदीने बोलत होते आणि मी मात्र पुण्याला बॅटरीच्या कारखान्यात निघाले होते.

तिथे माझं काम तपासणी विभागात. भरलेला सेल किती वेळात उतरतो, म्हणजे रिकामा होतो, ते बघायचं आणि वहीत लिहायचं. डिस्चार्ज हा शब्द मी दिवसातून शंभर वेळा लिहीत असेन. माझ्यापुरता त्याला तेवढाच एक अर्थ होता.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी तार आली, धाकट्या भावाची, अनंताची. इंग्रजीतून. 'फादर डिस्चार्ज्ड. कम सून.'

मी तार पुन्हा वाचली. बाबा नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर, म्हणजे मालाच्या सपाट बोटीवर, खलाशी होते. सुपरवायझरशी खटके उडतात असं मागच्या पत्रात होतं. म्हणजे काढलं त्यांना! माझ्या विभागातल्या कुलकर्णीबाईंनी तार वाचली, मग कपाटातून जाडजूड डिक्शनरी काढली. "थांब, घाबरू नकोस," म्हणत त्या वाचत गेल्या. बंदूक झाडणे. जखमेतून पू वाहणे. कैद्याला सोडणे. कामावरून कमी करणे. शेवटी म्हणाल्या, "मूळ शब्द गाडीवरून आलाय बघ. लॅटिनमध्ये गाडीला जे म्हणत, त्यातून चार्ज, म्हणजे भार चढवणं. डिस्चार्ज, म्हणजे तो उतरवणं." त्यांना धीर द्यायचा होता. मला 'कामावरून कमी'च्या पुढे काही ऐकूच आलं नाही.

रजा घेऊन निघाले. बसमध्ये रात्रभर मनातल्या मनात संसार हलवत होते. आईबाबांना आणि अनंताला पुण्याला आणायचं, एका खोलीत चौघं कशी मावणार, नदीवर वाढलेला माणूस तिथे दिवसभर करणार काय. सकाळी गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून बस पेडण्यात शिरली. काजूची झाडं दिसली, तरी जीव थाऱ्यावर आला नाही.

घरी पोचले तेव्हा बाबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. निम्मे झाले होते. गाल बसलेले, सदरा खांद्यावरून लोंबत होता.

"गो, तूं कशें आयलें?" ते दचकून म्हणाले.

"नोकरी गेली ना तुमची?"

"नोकरी? नोकरी आसा गो. आंतड्याचो एक कुडको मात गेलो." त्यांनी सदरा वर करून टाके दाखवले.

पोटात आतडं फुटलं होतं आणि ऑपरेशन करून त्याचा तुकडा काढावा लागला होता. म्हापशाच्या इस्पितळात बारा दिवस काढले होते. त्यातले तीन दिवस डॉक्टरांनीही काही सांगायचं टाळलं होतं. मला कळवायचं नाही असं आईनेच ठरवलं होतं. बाबा घरी आल्यावर अनंताने कोणाला न विचारता तार केली होती. तो मान खाली घालून म्हणाला, "इस्पितळाच्या कागदार डिस्चार्ज बरयल्लें. म्हणून तारेंतूय तेंच घातलें."

बाबा पोट धरून हसायला लागले, मग टाके ओढले म्हणून कण्हले. "आमच्या बार्जीर डिस्चार्ज म्हळ्यार माल देंवयलो. डॉक्टरान म्हजो माल देंवयलो!"

माल उतरवला म्हणे! मी हसले आणि त्याच दमात रडले. पाठीवरचं ओझं कोणीतरी खरंच खाली ठेवावं तसं झालं. मग मात्र राग आला. आईवर ओरडले, "ते गेले असते तर? मला कोणी सांगितलं असतं?"

आई चुलीपाशी उभी होती. "तूं थंय एकटेंच. तुका कशें सांगप?" म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. त्या दुपारी मी तिच्याकडून वचन घेतलं, की काही लपवायचं नाही.

तिने ते पाळलं, अगदी जास्तच पाळलं. बाबांचा खोकला, विहिरीत पडलेलं मांजर, शेजारणीच्या गुडघ्याची सूज, सगळं पत्रातून येऊ लागलं. बाबा पुढे कितीतरी वर्षं बार्जवर गेले.

तुमच्यातले कोणी माझ्यासारखे लांब गेले असतील, कोणी मागे राहिले असतील. मागे राहिलेल्यांना एवढंच सांगते, आम्हाला जपू नका, कळवा. आज माझं घर पुण्यात आहे, दारावर नवऱ्याची आणि माझी पाटी आहे. तरी आईला बरं नसलं की अनंताचा फोन येतो, "आईक बरें ना, पूण भियेवं नाका," आणि माझा हात बॅगेकडे जातो. ज्या ठिकाणचं वाईटही मला वेळेवर कळतं, ते अजून माझं घर आहे.