झिऱ्याच्या तळाशी हिरवा तुकडा

मी असल्या गोष्टी कधी मानल्या नाहीत. आमच्या अमडापुरात कोणी असं काही सांगू लागलं की मी उठून कामाला लागायची. आता माझ्याच बाबतीत घडलं आणि तोंडाने सांगायला मला जमत नाही... म्हणून वहीत लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, चुका असतील.

दिवाळीनंतरची गोष्ट. माझी मोठी बहीण उन्हाळ्यात गेली, तेव्हापासून मी घराबाहेर पडत नव्हते. तिची मुलगी ज्योती बुलढाण्यात नोकरी करते. तिनेच मला ओढून नेलं. बुलढाण्याजवळच्या डोंगरात, नाल्याकाठी, एक लहानसा कॅम्प आहे. चार टेंट, टिनाच्या शेडमध्ये चूल, प्यायला पाण्याची कॅन. त्या दिवशी आम्ही दोघी आणि कॅम्प सांभाळणारे गणेशभाऊ, एवढेच होतो.

लहानपणी मी आणि ताई नाल्यात झिरा खणून पाणी भरायचो. वाहत्या पाण्यापासून हातभर दूर रेतीत खड्डा केला की त्यात पाणी पाझरतं. आधी गढूळ असतं. ताई करवंटीने खणायची, काठाने पांढरे गोटे लावायची आणि तळाशी फुटक्या हिरव्या बांगडीचा तुकडा ठेवायची. तो स्पष्ट दिसला म्हणजे पाणी निवळलं. मला धीर नसायचा. ती माझा हात धरायची — "थांब वं. तुकडा दिसू दे." पाणी भरून झालं की वर पळसाचं पान झाकून दगड ठेवायची. ही रीत तिची एकटीची. बाकीच्या पोरी हसायच्या, "झिऱ्याले बांगड्या भरते का वं?"

दवाखान्यात शेवटच्या दुपारी तिच्याजवळ मी एकटीच होते. तोंडाने काही द्यायचं नाही, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. ताई म्हणाली, "घोटभर पानी दे वं." मी म्हटलं, "थांब ताई. डाक्टर येऊ दे." तिने तीनदा मागितलं. निदान ओठ ओले करू का, एवढं नर्सबाईंना विचारायचं होतं... मला लाज वाटली. डॉक्टर यायच्या आत ताई गेली. नंतर शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "कापूस वला करून व्हटाले लावू का, इचारून त पाहाचं होतं, बाई."

हे मी ज्योतीला कधी सांगितलं नव्हतं.

कॅम्पवर सकाळी ऊन वर आल्यावर मी तोंड धुवायला नाल्यावर गेले. पाण्यापासून हातभर दूर, रेतीवर पळसाचं पान होतं. त्यावर दगड. मी पान उचललं... खाली झिरा. काठाने पांढरे गोटे. पाणी गढूळ होतं, म्हणजे नुकताच खणलेला. ओल्या रेतीत माझ्याशिवाय कोणाचं पाऊल नव्हतं. मी तिथेच बसले. हळूहळू पाणी निवळलं आणि तळाशी हिरवा तुकडा दिसला.

गणेशभाऊ सरपण घेऊन येत होते. मी विचारलं, हा झिरा कोणी केला?

"आता कोन खंदते झिरा, मावशी? कॅनचं पानी हाये ना. माह्या बायकोले झिरा खंद म्हनलं त थे मलेच त्याच्यात पुरन."

मी हसले नाही, तसे ते सरपण घेऊन शेडकडे गेले.

मग ज्योती आली. झिऱ्यात तुकडा ठेवायचं ताईने तुला सांगितलं होतं का, असं तिला विचारलं, तर म्हणाली, "आईनं मले हे कधी सांगतलंच नाई." तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. झिऱ्याचं, आणि दवाखान्याचंही. तीनदा मागितलं होतं, तेही. ती माझ्याजवळ रेतीत बसली होती. मला वाटलं, आता ही उठून जाईल.

ती म्हणाली, "राग असता त मंग तिनं तुह्यासाठी झिरा काऊन खंदला असता, मावशी?"

ज्योतीने ओंजळ भरून माझ्या तोंडाशी धरली. पाणी गार होतं. मी घोट घोट प्यायले.

निघताना मी पान झाकून वर दगड ठेवला.

झिरा कोणी खणला, मला कळलेलं नाही. फक्त अजून पाणी प्यायला घेतलं की मी आधी पेल्याच्या तळाशी पाहते.